उडालेली मस्टँग

व्हर्नन स्ट्रॅकची विजेवर धावणारी खेळातली गाडी ट्रॅकच्या खाचेतून पहिल्यांदा उडेपर्यंत आठही गाड्यांत सर्वांत वेगवान असे. उचलून परत ठेवली की पुढच्या प्रत्येक वळणावर तिचे बूड घसरत राही. असे चार हिवाळे चालले होते.

आताही तेच झाले. लाकडी ट्रॅकच्या दूरच्या टोकाला, उतारावरच्या वळणावर, तळहाताएवढी निळी मस्टँग खाच सोडून उडाली. तिथे उभ्या असलेल्या डॅरिल नोव्हाकने ती उचलून जागेवर ठेवली आणि ती बर्फावर सोडलेल्या वासरासारखी निघाली.

"काय प्रोफेसर, म्हातारी दमली वाटतं!" डॅरिल तिकडून ओरडला.

ही मोसमाची शेवटची शर्यत होती. जिंकणारा वसंतात टोलेडोतर्फे राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. व्हर्ननला एकाहत्तरावे लागले होते, आणि हाताला असा कंप सुटला होता की पितळेच्या सांगाड्याला डाग देताना मनगट उशीवर टेकवावे लागे. पुढच्या हिवाळ्यात आपल्याला गाडी बांधता येईल, असे त्याला वाटत नव्हते.

गाडीत दोष नव्हता. काचेच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत त्याने हयात घालवली होती. दोष शोधणे हाच त्याचा धंदा होता. मोटार, आस, वीज घेणाऱ्या तांब्याच्या वेण्या, सारे त्याने पुन्हा पुन्हा तपासले होते. शर्यत संपली की इथल्या प्रत्येकाप्रमाणे तो आधी लायटरच्या तेलाने चाके स्वच्छ पुसत असे आणि मग गाडी तपासायला घेत असे. कधीच काही सापडले नव्हते.

इतरांना मात्र कारण ठाऊक होते. ट्रॅकची मालकीण बर्नाडेट हिच्या मते त्या वळणावर तिच्या दिवंगत नवऱ्याची नजर होती. "रे गेला तेव्हा त्याच खाचेत त्याची गाडी अडकली होती, व्हर्न. हसू नकोस," ती म्हणे. विम्याची कामे करणारा डॅरिल म्हणे, "तुझ्या मनात भीती आहे, ती तारेतून गाडीत उतरते." ही माणसे तीस-तीस वर्षे हातात वेग कमी-जास्त करणारा विजेचा चाप धरून गाड्या पळवत होती, आणि त्यांतल्या एकालाही विजेचा रोध म्हणजे काय हे धड सांगता आले नसते. आपले बोलणे इथे भिंतीवर आपटून खाली पडते, हे व्हर्ननने पहिल्याच महिन्यात ओळखले होते आणि त्यानंतर बोलणे सोडून दिले होते.

भूत बाद, भीती बाद. उरला माणूस. ज्याच्या गाडीची पाळी नसेल त्याने वळणावर उभे राहायचे आणि उडालेली गाडी, मग ती वैऱ्याची का असेना, उचलून ठेवायची, हा इथला रिवाज. व्हर्ननची गाडी वैऱ्यांच्याच हातातून जात होती. आणि त्या वळणावर बहुधा डॅरिल असे, जो दरवर्षी जिंकत असे.

"ट्रॅक!" व्हर्नन ओरडला.

ही आरोळी ऐकली की वीज तोडायची, असा नियम होता. बर्नाडेटने कळ दाबली. सगळ्या गाड्या जागच्या जागी थिजल्या.

"काय झालं? कुणाची गाडी चुकीच्या खाचेत गेली?"

"कुणाची नाही. माझ्या गाडीला हा माणूस काहीतरी फासतो. आज पुरावा दाखवतो, आणि मग ह्याला इथून कायमचा काढायचा."

"व्हर्न, तू शुद्धीवर आहेस ना?" डॅरिल म्हणाला.

व्हर्नन ट्रॅकला वळसा घालून गेला. त्याने मस्टँग उचलली, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच चाके न पुसता, मागची दोन्ही चाके कागदी रुमालावर दाबली. रुमालावर दोन ठिपके उमटले. त्याने रुमाल दिव्यासमोर धरला. ठिपके पारदर्शक होते. त्याने वास घेतला. लोणी, व्हिनेगर, मिरची.

डॅरिलच्या डाव्या हातात लोणी-मिरचीच्या सॉसमध्ये घोळवलेला कोंबडीचा अर्धा खाल्लेला पंख होता. प्रत्येक वळणापाशी बर्नाडेटने त्या पंखांची एकेक ताटली ठेवली होती, जशी ती प्रत्येक शर्यतीला ठेवत असे.

"चाकांना हात का लावतोस?" व्हर्ननने विचारले. "बाकीच्यांच्या गाड्या तू टपाला धरून उचलतोस. मी आता पाहिलं."

"मग तुझी कशी उचलू? तूच पहिल्या दिवशी इथे उभा राहून बोंबलला होतास ना? 'टप कागदासारखं पातळ आहे, त्याला तुमचे सॉसेजसारखे पंजे लावू नका, मागच्या चाकांना धरा!'"

"सॉसेज नाही, डुकराचे पंजे म्हणाला होता," बर्नाडेटने दुरुस्ती केली. "पण चाकांना धरा म्हणाला होता, हे खरं. मी तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवते."

दुसऱ्या वळणावरचा एक जण म्हणाला, "मीपण चाकांनाच धरतो." त्याच्या पलीकडच्याने मान हलवली. त्याचीही बोटे चकाकत होती.

"मग, व्हर्न?" बर्नाडेटचा हात कळीवर होता. "कुणाला काढायचं?"

व्हर्ननने गाडी टपाला धरून खाचेत ठेवली. टपाला काही झाले नाही.

गाडी घसरत होती ती चाकांवरच्या चरबीमुळे. चरबी चाकांवर येत होती ती बोटांवरून. आणि बोटे चाकांवर येत होती, कारण व्हर्नन स्ट्रॅकचा एक शब्द त्या सगळ्या मूर्खांनी चार हिवाळे तंतोतंत पाळला होता.