हिवाळ्यात कोण राहतं

निशिकांत रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून सेंगकांगला घरी पोचला तेव्हा त्याची बायको मैत्रेयी लॅपटॉप उघडून बसली होती. तो बूट काढून, टाय न सोडवताच तिच्या शेजारी टेकला. बँकेच्या नोकरीतून सुटलो की समुद्राकाठी एखाद्या छोट्या गावात जाऊन राहायचं, हे त्याचं फार दिवसांचं म्हणणं. इटलीतल्या पोर्तालेनातलं हे घर त्यानेच शोधलं होतं.

तिकडे दुपार होती. दलाल पाओलो मोबाइल धरून घर दाखवत होता. मालकीणबाई आदेल, ऐंशीच्या आसपासच्या, पुढे चालत बोलत होत्या आणि पाओलो त्याचं इंग्रजी करत होता.

गच्चीवर आल्यावर बाईंनी हात फिरवला. मागे डोंगर अगदी दाराशी आलेला, पुढे समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. शेतीला जमीन नाही, म्हणून सगळे मासळीवर जगले. आजोबांच्या काळी खारवलेली मासळी पिंपं भरभरून बाहेर जायची. मग डबाबंद माशांचा कारखाना आला. बाईंची उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. आता कारखान्याचं हॉटेल झालंय, तेही उन्हाळ्यापुरतं.

"सगळ्या खिडक्या बंद कशा? झोपलेत का लोक?" मैत्रेयीने विचारलं.

झोपलेले नव्हते. घरं जर्मन, डच लोकांनी घेतली होती, ते ऑगस्टमध्ये येत. किल्ल्या बाईंकडे असत. संध्याकाळी त्या घरोघरी जाऊन एकेक दिवा लावत. वरच्या रस्त्याने जाणाऱ्याला खाली गाव आहे असं वाटायला हवं ना, त्या म्हणाल्या. पण आता गुडघे चालत नाहीत, म्हणून त्या मुलीकडे तुरिनला निघाल्या होत्या.

मग त्यांनी काहीतरी विचारलं. पाओलो जरा घुटमळला. तुम्ही हिवाळ्यात इथे राहाल का, असं त्या विचारतायत, आणि हो म्हटलेलं त्यांना बरं वाटेल, असं त्याने सांगितलं.

मैत्रेयीने आपल्याकडचा माइक बंद केला. "खरं सांग."

"खरं सांगितलं तर घर जाईल."

"जाऊ दे."

निशिकांतच्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं होती, आणि त्यानंतरही थंडीत तिकडे राहणं जमेल असं त्याला मनातून वाटत नव्हतं. त्याने माइक सुरू करून तसं सांगितलं. आदेलबाईंनी ऐकून मान हलवली. घर तुम्हीच घ्या, त्या म्हणाल्या. दिवे कोण लावणार, ते मात्र बाकीच्या घरमालकांशी बोलून ठरवा.

कॉल संपला.

"दिव्यांना टायमर बसवता येतो," निशिकांत म्हणाला.

"येतो की," मैत्रेयी म्हणाली. "मग आपण तरी कशाला हवेत तिथे?"

थोड्या वेळाने पाओलोला नकार कळवायला त्याने फोन हातात घेतला, पण काही न कळवता तसाच, टाय गळ्यात असतानाच, सोफ्यावर झोपून गेला.