उलटं स्वस्तिक

"सर, एआय म्हणतंय, तीन नंबर पंपाचं बेअरिंग दहा दिवसांत जाणार. बदलून टाकू या," शलाका म्हणाली.

"चालता पंप खोलायचा नाही!" वीजघराचे मॅनेजर चिंतामणराव उखडले. पण मनातून टरकले. गुरुवारी सुट्टी टाकून इंदूरच्या खजरान्याच्या गणपतीला गेले, नवस बोलले आणि देवळाच्या पाठभिंतीवर उलटं स्वस्तिक काढून आले. नवस फळला की ते सरळ करायचं, असा तिथला रिवाज.

त्याच दुपारी शलाकाने फिटरला धरून गुपचूप बेअरिंग बदललं. जुन्याला तडा गेलेला होता.

अकराव्या दिवशीही पंप मजेत चालू होता. सर पेढे घेऊन आले.

"बाप्पा पावला! तुझं एआय एकदम झूठं निघालं. आज जातो, स्वस्तिक सीधं करून येतो. आणि शेजारी एक उलटं काढतो, तुझं एआय सुधारावं म्हणून."