दोन डब्यांचा दिवस

शेजारच्या माणसाला शेपूट होतं. रबरी, हिरवट-काळं, आणि ते नोबुएच्या पायांत आलं होतं.

"तुमचं हे जरा आवरा," ती म्हणाली.

"माफ करा हं, आजी!" माणूस पन्नाशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय आणि मागे शेपूट. त्यानं ते उचलून तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेतलं. "बोरागाला पहिल्यांदाच आलात?"

"पहिल्यांदा आणि शेवटचं."

कावासाकीतलं ते थिएटर भर दुपारी खच्चून भरलं होतं. बोरागा नावाचा राक्षस समुद्रातून येतो, शहर तुडवतो, परत जातो. गोष्ट एवढीच; चित्रपट अकरा. आज तिसऱ्याला पन्नास वर्षं झाली म्हणून ही जत्रा. नोबुएच्या नवऱ्यानं, कुसुमोतो तेइजीनं, जानेवारीतच दोन तिकिटं काढून ठेवली होती. मार्चमध्ये तो गेला. त्याच्या खुर्चीत आता तिची पिशवी बसली होती.

तेइजी स्टुडिओत सुतार होता. राक्षसानं तुडवायची ती बोटभर खिडक्यांची घरं तो करायचा. इथवर ठीक. पण दोन पेले पोटात गेले की त्याची गाडी घसरायची. "एक दिवस मी स्वतः बोरागा होतो! आतला माणूस तापानं फणफणला, मला चढवलं त्या कातड्यात. दोन डबे दिले मला त्या दिवशी जेवायला!" तरुणपणी फळीवरून पडल्यापासून तो डावा पाय ओढत चालायचा. लंगड्याला राक्षस करायला राक्षसांचा काय दुष्काळ पडला होता का, हा मेहुण्याचा ठरलेला विनोद. सगळे पोट धरून हसायचे. सगळ्यांत आधी नोबुए. "डबे तेवढे खरे असतील," ती म्हणायची. "बाकी नुसत्या थापा." पडद्यावर त्याचं नाव नव्हतं, कुठे फोटो नव्हता. पुढं पुढं त्यानं ती गोष्ट सांगणंच सोडलं. सुटले, असं तिला वाटलं. दवाखान्यात मात्र अगदी शेवटी म्हणाला, "एकदा बघून तर ये." मरणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? ती बरं म्हणाली होती. म्हणून आली. नाहीतर रबराचा बेडूक बघायला तिला कुणी सुपारी दिली नव्हती.

दिवे गेले आणि चारशे माणसं एकदम केकाटली.

इथं गप्प बसून बघायची रीतच नव्हती. वीज कोसळली की लोक वीज पाडणाऱ्याचं नाव घेऊन ओरडायचे. विमान पडलं की त्याच्या तारा ओढणाऱ्याचं. टकलं पडलेले, चष्मे लावलेले, नातवंडं असतील असे बाप्ये. मयतातसुद्धा एवढ्या जिव्हाळ्यानं कुणी कुणाचं नाव घेत नाही, नोबुएच्या मनात आलं.

"आजी, हा धूर बघा," शेपूटवाला कानाशी लागला. "भाताच्या तुसाचा आहे. आणि हे दृश्य घेतलं ना, त्या दिवशी सेटवर जेवणात बांगडा होता. डबे पुरवणाऱ्याच्या वह्या सापडल्यात आम्हाला. पुस्तिका काढलीय."

"लोकांचे डबे मोजता?"

"रोजचे!" तो अभिमानानं म्हणाला.

"घरी कुणी काही बोलत नाही?"

"बोलतात ना. हसतात."

हसतीलच, तिनं मनात म्हटलं. आईबापांनी शिकवलं, मोठं केलं, आणि लेकरू पन्नाशीत शेपूट लावून मेलेल्या लोकांचा बांगडा मोजतंय. तेइजी इथं शोभला असता. थापा मारणारा एक आणि ऐकून घेणारे चारशे. कधी एकदा तो राक्षस पाण्यात जातो आणि मी घरी जाते, असं तिला झालं.

पडद्यावर बंदराची राखरांगोळी झाली. बोरागानं कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि तो जळत्या गल्लीतून समुद्राकडे निघाला. एक पाऊल. मग डावा पाय, फरफटत. एक पाऊल. मग डावा पाय.

नोबुए ताठ बसली. शेहेचाळीस वर्षं ही चाल रोज संध्याकाळी जिना चढून आली होती. ती आली की हात पुसत उठायचं आणि भात वाढायला घ्यायचा.

तिचा हात शेजारच्या खुर्चीतल्या पिशवीवर पडला.

तेवढ्यात सगळं थिएटर उभं राहिलं. चारशे गळ्यांतून एकच हाक उठली.

"कुसुमोतो-सान!"

शेपूटवालाही उभा होता. शेपूट खाली पडलं होतं, त्याला त्याचं भान नव्हतं.

"या चालीनं फार छळलं आम्हाला, आजी!" तो गोंगाटावर आवाज चढवून म्हणाला. "आम्ही आपले म्हणायचो, मागच्या मारामारीत बोरागाला लागलं असेल. मग त्या वह्या मिळाल्या. जो कातड्यात शिरेल त्याला दोन डबे, असा नियम होता तिथं. घामानं पार वाळून जायचा हो आतला माणूस. आणि त्या एका दिवशी दोन डबे कुणाच्या नावावर? एका सुताराच्या! नुसतं आडनाव लिहिलंय. कोण, कुठला, आहे की गेला, काही पत्ता नाही. दर वेळी वाटतं, हाक ऐकून येईल एखाद्या दिवशी. मारा की तुम्हीपण! कुसुमोतो-सान!"

पडद्यावर तो डावा पाय ओढत पाण्यात उतरत होता. लोक घसा फोडून त्याला हाका मारत होते. त्या आडनावाचं एकच माणूस थिएटरात होतं, आणि तेवढ्या एकीच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता.