हलका लागतोय

घरातल्या कॉम्प्युटरचा स्वस्तातला पॉवर सप्लाय बंद पडला, तेव्हा दुरुस्तीच्या क्लासला जाणाऱ्या सुनेने तो शिकायला म्हणून खोलायला घेतला. सासरेबुवा समोरच खुर्ची टाकून बसले. जन्मभर किराणा दुकान चालवलेला माणूस, विश्वास म्हणून कुणावर नाही. स्क्रूसुद्धा मोजून ठेवले. फक्त चहापुरते आत गेले, तर तेवढ्यात फुगलेला कपॅसिटर बदलून सुनेने झाकणही लावलं होतं.

पॉवर सप्लायचा पंखा गरगर फिरला. तरी सासरेबुवांनी डबा उचलून हातात तोलून पाहिला.

"हलका लागतोय. आतलं काय काढून घेतलंस?"

सुनेने लोखंडाचा एक ठोकळा त्यांच्या पुढ्यात ठेवला. "हे. याला एकही वायर जोडलेली नव्हती, बाबा. माल वजनदार वाटावा म्हणून नुसतं चिकटवलं होतं."

"लबाड लेकाचे!" सासरेबुवा कडाडले. "गिऱ्हाइकाला सरळसरळ फसवतात!"

"हो ना. बाबा, आता माळ्यावरचा तुमच्या दुकानातला वजनकाटा खोलू का? शिकायला म्हणून."

"त्याला हात लावायचा नाही!"

त्या दिवसापासून माळ्याची शिडी सासरेबुवांच्या पलंगाखाली असते.