आलोच

“समुद्रापुढे माणसानं निर्भय असावं!” काकांनी जाहीर केलं आणि होडीची कड दोन्ही हातांनी गच्च धरली.

होडी अजून धक्क्याला बांधलेली होती.

आवाज मात्र खणखणीत. काकांची हयात रेल्वे स्टेशनवर घोषणा करण्यात गेली होती. घोषणा करणाऱ्याला एक मोठी सोय असते, उलटून कुणी काही विचारत नाही. निवृत्तीनंतर काकांनी ही सोय घरीही चालू ठेवली. गंभीर विषय निघाला की ते “आलोच” म्हणून उठत आणि जिना उतरून खाली, काकूंच्या शिवणाच्या दुकानात जाऊन बसत. विषय पुरता गार झाला की वर येत. आईच्या आजारपणात आलोच. लेकीनं नोकरी सोडली, आलोच. निघताना ‘येतो’ म्हणायची आपली रीतच आहे, पण काकांनी तिचं शास्त्र केलं होतं.

म्हणूनच काकूंनी सुट्टीसाठी बेट निवडलं, आणि बेटावर आल्यावर होडी. होडीतून उठून जाता येत नाही. वल्ही मारणाऱ्या लेकीला त्यांनी एवढंच बजावलं होतं, “लांब ने. किनारा जवळ नको.”

लेकीनं बरंच आत जाऊन नांगर टाकला. गळ पाण्यात गेले. बराच वेळ काहीच हाललं नाही.

“मासे काही तांत्रिक कारणामुळे उशिरानं येत आहेत,” काकांनी कळवलं.

लेक हसली. काकू हसल्या नाहीत. त्या मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या. समोर काकांची टोपी दिसत होती, खांदे दिसत होते, मध्ये जिथे चेहरा असायचा तिथे नुसता धुरकट डाग. चेहरा बघायचा तर मान जरा वळवून कडेनं बघावं लागे. लोकांना वाटे, काकूंचं कशावरून तरी बिनसलंय.

“आई, हा गळ सुटला बघ,” लेकीनं गळ आणि नायलॉनचा दोरा काकूंच्या हातात दिला. “तुझं खातं. ओव पटकन.”

काकूंनी केलेली काजं बघायला बायका दुसऱ्यांचे ब्लाउज उलटे करत. गल्लीत त्यांना काजकाकूच म्हणत. त्या काकूंनी गळाच्या नेढ्याशी दोरा नेला. दोरा बाजूनं गेला. पुन्हा नेला. पुन्हा बाजूनं.

“काय गं आई! गळ आहे तो, त्याला काय घाबरतेस?”

काकूंनी आणखी एकदा नेला आणि गळाचं टोक अंगठ्यात शिरलं.

“अगं, रक्त!” लेक म्हणाली.

काकूंना ते दिसलं नव्हतं. त्यांनी अंगठा पदरात दाबला.

“अहो, मला बोलायचंय.”

“आलोच,” म्हणत काका उठले. होडी अशी कलंडली की लेक किंचाळली, “बाबा, बसा खाली!” काका धपकन बसले. त्यांनी चहूकडे पाहिलं. चारी बाजूंना पाणी होतं आणि एकीकडेही जिना नव्हता.

“मला दिसत नाहीये,” काकू म्हणाल्या. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. “कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे आतल्या पडद्याचं आहे. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकलं तरी खूप झालं.”

“कधीपासून गं?” लेकीचा आवाज चिरकला.

“वर्ष होत आलं. सुईत दोरा जात नाही माझ्याच्यानं. दुकानातली मदतनीस बिचारी समजूतदार. सकाळी बघावं तर सगळ्या सुया ओवून मशीनवरच्या छोट्या गादीत टोचून ठेवलेल्या. ती एका शब्दानं बोलत नाही, म्हणून मीही नाही. पण असं किती दिवस ढकलणार? दुकान बंद करते आता. आणि मग दिवसभर करू काय, ते मला माहीत नाही.” काकूंनी मान वळवून काकांकडे बघितलं. “बोला की काहीतरी. गावभर गाड्या सांगत होतात. मला एक वाक्य सांगा.”

होडीच्या बुडाशी पाणी चुबकत राहिलं. लेकीनं डोळे पुसले आणि उगाचच वल्ही सरळ करून ठेवली.

मग काकांनी होडीची कड सोडली. एक हात, मग दुसरा. पुढे वाकून त्यांनी काकूंच्या मुठीतून गळ काढून घेतला. चष्मा कपाळावर सरकवला. दोऱ्याचं टोक दातानं तिरकं तोडलं, ओठांत धरून ओलं केलं, नखानं दाबून चपटं केलं. नायलॉनच्या दोऱ्याला यातल्या कशाचीही गरज नसते. गळ उजेडाकडे धरून त्यांनी एका फटक्यात दोरा पार केला.

“बाबा, हे तुम्हाला कधीपासून येतं?” लेकीनं विचारलं.

काकांनी घोषणेआधी खाकरत तसं खाकरून घेतलं. पण आवाज इतका बारीक निघाला की काकूंना पुढे वाकावं लागलं.

“दुकान बंद करू नकोस,” ते म्हणाले. “खालच्या त्या दिव्यात मलाही हल्ली धड दिसत नाही. तेवढ्या सुया जरा मोठ्या नेढ्याच्या आण.”