लुरिकचा नवस

"सोड की मावशी! मागं अख्खं गाव खोळंबलंय."

रुमिनी ब्रोमो ज्वालामुखीच्या काठावर उभी होती आणि काखेतला कोंबडा काही तिच्याने सोडवत नव्हता. खाली गंधकाचा धूर उसळत होता. पुढचे लोक बटाटे, कोबीचे गड्डे, कोंबड्या ज्वालामुखीला वाहून मोकळे झाले होते. आतल्या उतारावर लांब बांबूंना जाळी बांधून माणसं टपून उभी होती. जाळ्यात पडेल ते ज्याच्या त्याचं, तळाला जाईल ते देवाचं. त्यात पाप कुणी मानत नाही. एक जण तर तोंडाभोवती अंगावरचं सारोंग गुंडाळून सगळ्यांच्या पुढे, पार घसरणीच्या टोकाशी उभा होता. पोटासाठी माणूस काय काय करतो, असं रुमिनीला वाटून गेलं.

कोंबड्याचं नाव लुरिक. अंडं फुटल्यापासून तिने त्याला थंडीत आपल्या सारोंगच्या घडीत घेऊन वाढवलं होतं. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन खाली शहरात गेली, तेव्हापासून घरात बोलायला तोच. आणि बोलणं म्हणजे काय, तर शेजारच्या तासमिनला ऐकू जाईल अशा आवाजात लुरिकला शिव्या.

आठ वर्षांपूर्वी तासमिनने आपल्या वावरातला चर वळवला आणि रुमिनीचे बटाट्याचे सहा वाफे पाण्याबरोबर दरीत गेले. तेव्हापासून बोलचाल बंद. पण बोलचाल बंद म्हणून भांडणही बंद ठेवायचं, हे दोघांनाही पटण्यासारखं नव्हतं. सकाळी अंगणात मका टाकता टाकता ती लुरिकला म्हणायची, "दुसऱ्याच्या वावरात तंगड्या घालतोस, लाज नाही वाटत, मेल्या?" कुंपणापलीकडे तासमिन आपल्या शेळीच्या पाठीवर थाप मारायचा. "किती बोंबलशील गं भवाने? घसा बसेल!" गावाची सकाळ यानेच व्हायची.

गेल्या महिन्यात मात्र तासमिन शेळीला म्हणाला, "तुझा दादला उगाच नाही लवकर सुटला बिचारा."

रुमिनी हातातला मका तसाच टाकून घरात गेली. दिवसभर बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने गावच्या पुजाऱ्याला सांगितलं, यंदा ब्रोमोवरच्या कसादाच्या सणाला मी लुरिकला वाहणार. काय मागणार आहेस, असं सगळ्यांनी विचारून पाहिलं. तिने ताकास तूर लागू दिली नाही. मागणं मोठं होतं, कोबीच्या गड्ड्यावर भागण्यासारखं नव्हतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

तिने डोळे मिटले आणि हात सोडले. लुरिक किंचाळला, पंख फडफडले, आणि धुरात दिसेनासा झाला. रुमिनी मागे वळून न बघता पायऱ्या उतरली. खालच्या वाळूच्या मैदानात तिला रडू कोसळलं. आवरायच्या भानगडीत ती पडली नाही.

दुसऱ्या सकाळी ती मुठीत मका घेऊन अंगणात आली आणि तशीच उभी राहिली. शिव्या द्यायला कुणी नव्हतं. पलीकडेही सामसूम. शेळीला कुणी काही बोललं नाही.

तिसऱ्या सकाळी कुंपणापलीकडून बांग आली.

ती बांग तिने हजार कोंबड्यांत ओळखली असती. तिने वाकून पाहिलं. तासमिनच्या लाकडांच्या ढिगावर लुरिक ऐटीत बसला होता. शेपटीची दोन पिसं तेवढी गेली होती. तासमिन त्याला मका घालत होता. "खा बाबा, पोटभर खा. तिकडे नुसत्या शिव्याच मिळायच्या!"

आठ वर्षांत पहिल्यांदा रुमिनीने तासमिनचं फाटक ढकललं. "माझा कोंबडा आण!"

तासमिन घरात वळला, तशी तीही त्याच्या मागोमाग उंबरा ओलांडून आत शिरली. त्याने चुलीपाशी बुटकं बाकडं सरकवलं. आता आली का पंचाईत. आमच्याकडे उंबरा ओलांडून आलेल्याला आधी चुलीपाशी बसवतात, खाल्ल्याशिवाय उठू देत नाहीत, आणि नाही म्हणणाऱ्याला गावात कुणी नावाजत नाही. रुमिनी धुसफुसत बसली. तासमिनने पुढ्यात उकडलेले बटाटे आणि मिरचीचा ठेचा ठेवला. त्याचा हात कोपरापर्यंत खरचटला होता. गुडघ्याला फडकं होतं.

ते तोंडाला गुंडाळलेलं सारोंग कुणाचं होतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"साठी उलटली तुझी! त्या उतारावर मरायला गेला होतास का?"

"मग काय करू? तू कोंबडा देऊन टाकणार म्हटल्यावर सकाळी मला बोलणार कोण?" तो चुलीत लाकूड सारू लागला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचं ते वाईट बोललो मी. शेळीलासुद्धा बोलायला नको होतं."

रुमिनी बराच वेळ एकच बटाटा सोलत बसली.

"पण मला एक सांग," तासमिन म्हणाला, "एवढा जिवापाड जपलेला कोंबडा वाहिलास. मागितलंस तरी काय?"

"देवा, या तासमिनचं तोंड मला पुन्हा दिसू देऊ नकोस."

तासमिन आ वासून बघत राहिला. मग गुडघ्यावर थाप मारून हसला, आणि गुडघा दुखला म्हणून कळवळला. "अगं, मग ते पोहोचेल कसं? लुरिक तर वरच्या वर माझ्या जाळ्यात आला!"

रुमिनीने आणखी एक बटाटा ओढून घेतला आणि बाकडं चुलीजवळ सरकवलं.

"पुढच्या वर्षी बकरा टाकते," ती म्हणाली. "जाळं मोठं आण."