आत्याची तपासणी

गुणवंतीआत्याचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेलेले. अपंग पेन्शनसाठी सरकारी माणसं परळच्या चाळीत येऊन तिला बघणार होती. ती आलीच नाहीत म्हणे, आणि वर अर्ज फेटाळला गेला. तिची भाची शेफाली तणतणत ऑफिसात पोचली.

"जिने चढायचा कंटाळा आला म्हणून आला नाहीत ना? लाज नाही वाटत?"

टेबलामागच्या बाईंनी शांतपणे मान वर केली. "आलो होतो, ताई. आत पाहुणे कांदेपोहे खात बसले होते. दारातले गृहस्थ म्हणाले, असं अपंग वगैरे इथे कोणी राहत नाही."

शेफालीला तो दिवस आठवला. त्याच दिवशी रूपेश आणि त्याच्या घरचे तिला बघायला आले होते आणि लग्न ठरलं होतं. "तिला गर्दी सोसत नाही" म्हणत बाबांनी आत्याला सकाळीच शेजारच्या खोलीत नेऊन बसवलं होतं.

ती घरी आली तेव्हा बाबा बहिणीची समजूत घालत होते, "सरकारी माणसं ती, गुणे. त्यांना कुठली आलीय माणुसकी!" आत्या भाबडेपणाने मान डोलवत होती. बाबांच्या आवाजातल्या त्या मायेची शेफालीला शिसारी आली.



तिने तिथेच रूपेशला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आत्यासमोर धरला. "रूपेश, त्या दिवशी तुला भेटवायची राहिली. ही माझी आत्या."